पेंग्विन सोडून राणीच्या बागेत काय पाहावे?

भायखळ्याच्या राणीच्या बागेत (वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात) एक सकाळ घालवायची आहे, पण प्राणी आणि पेंग्विन यांत रस नाही, तेव्हा ब्रिटिश काळातले काय पाहता येईल, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते ही बाग पाहण्याची खरी रीत तीच आहे, कारण 1862 मध्ये ती खुली झाली तेव्हा ते वनस्पतिउद्यान होते आणि प्राणिसंग्रहालयाची भर बऱ्याच काळाने पडली.

सुरुवात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयापासून करावी. 1872 साली 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम' म्हणून सुरू झालेल्या आणि अलीकडच्या काळात फार निगुतीने दुरुस्त केलेल्या या वास्तूत जुन्या मुंबईतील निरनिराळ्या समाजांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. त्यांच्या पगड्या व पागोटी पाहण्यातच अर्धा तास सहज जातो.

मात्र सर्वाधिक वेळ बाहेरच्या दगडी हत्तीला द्यावा. पोर्तुगिजांनी ज्याच्यामुळे घारापुरीला 'एलिफंटा' म्हटले, तोच हा हत्ती. 1864 मध्ये त्याला इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना क्रेन मोडली आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणून पडले आणि 1914 मध्ये पुन्हा जोडले गेले. जवळ जाऊन पाहिल्यास अंगावरचे सांधे स्पष्ट दिसतात. मला विचाराल तर ती क्रेन मोडली हे मुंबईचे भाग्यच! जवळच डेव्हिड ससून यांच्या नावाचा घड्याळाचा मनोरा आहे. तो जाता जाता पाहिला तरी चालेल.

स्वातंत्र्यानंतर शहरातील चौकांतून हलवलेले काही पुतळेही येथे येऊन पोहोचले. फोर्टातील ज्या परिसराला आपण आजही 'काळा घोडा' म्हणतो, तेथील सातव्या एडवर्डचा मूळ अश्वारूढ पुतळा 1965 पासून याच बागेत आहे, हे अनेक मुंबईकरांच्याही गावी नसते. संग्रहालयाच्या आवारात राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळाही आहे. चापेकर बंधूंनी डांबर फासले तो हाच, हे ठाऊक असले म्हणजे त्याच्याकडे पाहण्याची नजर बदलते.

झाडांसाठी वेळ राखून ठेवावा. गोरखचिंचेचा अवाढव्य बुंधा आणि कैलासपतीची थेट खोडावर येणारी फुले कोणत्याही ऋतूत जाणाऱ्याला थांबवतात. हिवाळ्याच्या अखेरीस गेलात तर उर्वशीचे लोंबते लाल घोसही दिसण्याची शक्यता असते.

भायखळा स्थानकाच्या पूर्वेकडून चालत जाता येते. बाग आणि संग्रहालय यांची तिकिटे वेगवेगळी आहेत आणि दोन्ही बुधवारी बंद असतात. रविवारी मात्र जाऊ नये. गर्दीत हत्तीसमोर निवांत उभे राहणे अशक्य होते.