वेबसाइट नव्याने बांधायची, पण कशात?

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका ओपन सोर्स प्रकल्पात काम करतो. त्याची वेबसाइट जुन्या वर्डप्रेसवर आहे. दीडशेएक पानं, बहुतेक सॉफ्टवेअर कसं वापरायचं याचीच. ती नव्याने बांधायचं काम माझ्याकडे आलंय. पूर्ण रिअ‍ॅक्टमध्ये (वेबपानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) बांधली तर नोकरीसाठी वजन पडेल का?

उत्तर : रिअ‍ॅक्ट जरूर शिका, पण प्रकल्पाच्या जिवावर नको. उद्या तुम्ही नोकरीला लागाल, तेव्हा ही साइट कोण सांभाळणार, हे आधी विचारा. लॉगिन नाही, खरेदी नाही, नुसती माहिती आहे, तर स्टॅटिक साइट जनरेटर, म्हणजे साध्या मजकूर-फाइलींतून तयार एचटीएमएल पानं बनवणारं टूल, पुरेसा आहे. पानं मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी मजकूर लिहायची पद्धत) लिहायची आणि गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये, ठेवायची. डेटाबेसची झंझट संपली.

सॉफ्टवेअरच्या तीन-चार आवृत्त्यांची माहिती एकाच वेळी ठेवायची असेल, तर डॉक्युसॉरस हा जनरेटर घ्या. आवृत्त्या आणि भाषांतराची सोय त्यात तयारच मिळते, आणि तो रिअ‍ॅक्टवरच उभा असल्याने तुमची हौसही भागेल. एकच आवृत्ती असेल तर ह्यूगो हा दुसरा जनरेटर बरा : एकच फाइल उतरवायची, झालं. टेम्प्लेटची (पानाच्या साच्याची) भाषा मात्र डोकं खाते.

निवड करण्याआधी जुन्या साइटमधली सगळ्यात किचकट पाच पानं दोन्हींत आणून बघा. खोडी तिथेच कळते. डॉक्युसॉरस साध्या मार्कडाउन फाइलही एमडीएक्स (रिअ‍ॅक्टचा कोड चालणारं मार्कडाउन) म्हणून वाचतो. त्यामुळे मजकुरात कोनी (<) किंवा महिरपी ({) कंस उघडा राहिला की अख्खा बिल्ड, म्हणजे साइट तयार होण्याची प्रक्रिया, अडतो, आणि कमांडच्या माहितीत असे कंस पावलोपावली असतात. ते कोडच्या खुणांत (`) घाला किंवा सेटिंगमध्ये मार्कडाउनचा फॉरमॅट ‘डिटेक्ट’ करा, म्हणजे .md फाइल साधं मार्कडाउन म्हणून वाचली जाते. ह्यूगोत उलट : वर्डप्रेसमधून आलेली एचटीएमएल तक्ते पानावरून गायब होतात, कारण कच्चं एचटीएमएल तो मुळात गाळतो. गोल्डमार्कच्या (ह्यूगोतला मार्कडाउन वाचणारा भाग) सेटिंगमध्ये ‘अनसेफ’ चालू केलं की दिसतात. मग प्रोग्रामिंग न येणाऱ्या एखाद्या सदस्याला एक चूक दुरुस्त करायला सांगा आणि तो कुठे अडतो ते टिपून ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ पानांच्या जुन्या पत्त्यांना (यूआरएलना) द्या. साइटमॅपवरून, म्हणजे साइटच्या पानांच्या यादीच्या फाइलवरून, यादी काढा आणि प्रत्येक जुन्या पत्त्यापुढे नवा लिहा. साइट गिटहब पेजेसवर (गिटहबची स्टॅटिक साइट ठेवायची सोय) ठेवणार असाल, तर तिथे सर्व्हरकडून ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे ‘हे पान कायमचं नव्या पत्त्यावर गेलं’ असा निरोप, देता येत नाही. जुन्या पत्त्यावर पुढे ढकलणारं छोटं पान ठेवावं लागतं. वर्डप्रेसचे प्रश्नचिन्हवाले छोटे दुवे (?p=१२३ सारखे) तर थेट मुखपृष्ठावर येऊन पडतात, कारण प्रश्नचिन्हापुढचं तिथे कुणी वाचतच नाही. आणखी एक : साइट उपफोल्डरवर असेल आणि बेस यूआरएल (सेटिंगमधला साइटचा मूळ पत्ता) चुकला, तर तुमच्या संगणकावर सगळं छान दिसतं आणि प्रकाशित केल्यावर सीएसएसच (पानाच्या रंगरूपाची फाइल) सापडत नाही.

नोकरीचं म्हणाल, तर बायोडेटात टूलचं नाव एका ओळीत येऊ द्या. सोबत पत्त्यांचा तक्ता आणि ‘हे का निवडलं, ते का नाही’ याचं एक पान प्रकल्पाच्या रेपोमध्येच (गिटमधल्या फोल्डरमध्येच) ठेवा. मुलाखतीत ‘दुसरं का नाही घेतलं?’ असं विचारलं, की तेच उघडून दाखवा.