वय ३४, कोडिंग जमेल का मॅडम?

"मॅडम, या वयात कोडिंग जमेल का हो मला?" समोरचा माणूस खुर्चीत नीट टेकायच्या आत आता मला हा प्रश्न ऐकू येतो. विनाअनुदानित शाळेतले शिक्षक विचारतात, पतसंस्थेतल्या बाई विचारतात, बाळंतपणात नोकरी सुटलेल्या मुली विचारतात. पुण्यात समुपदेशनाची प्रॅक्टिस म्हटल्यावर मेकॅनिकलवाले तर विचारतातच. बहुतेकांना फ्रंट-एंड डेव्हलपर, म्हणजे वेबसाइटचा आपल्याला दिसणारा भाग बनवणारे, व्हायचं असतं, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की त्याला गणित लागत नाही, डिग्री कुणी बघत नाही आणि आपण केलेलं ब्राउझरमध्ये लगेच दिसतं. यातलं शेवटचं अगदी खरं. बाकीचं अर्धवट.

एकाची गोष्ट सांगते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तो क्वालिटीला होता. मेकॅनिकल डिप्लोमा, वय ३४, घराचा हप्ता चालू, मुलगी पहिलीत. आला होता झोप लागत नाही म्हणून. रात्री जेवणं झाली की लॅपटॉप उघडायचा आणि दोन दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघत बसायचा. पानाचा सांगाडा बांधणारं एचटीएमएल झालं होतं, त्याला रंगरूप देणारं सीएसएस झालं होतं, पानं बनवायचं तयार साधन असलेल्या रिअ‍ॅक्टचा कोर्स पुन्हा पुन्हा सुरू करून झाला होता.

"स्वतःचं असं काय बनवलंत?"

"त्यांच्याबरोबर केलं सगळं. एकटा बसलो की हात चालत नाहीत. मग एरर येते. मग वाटतं, आपल्यात ते नाहीच."

"ते म्हणजे?"

"डोकं."

पुढच्या काही भेटी एकाच मागणीत गेल्या. "तुम्ही फक्त सांगा, जमेल की नाही. नाही म्हणालात तर आजच सोडतो." वडील म्हणत होते, लागलेली नोकरी घालवशील. बायको काहीच म्हणत नव्हती, आणि त्याला तेच जास्त लागत होतं. माझे काही सहकारी इथे वडिलांपासून सुरुवात करतील. माझी घडण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ पद्धतीत झाली आहे. १९५५ च्या सुमाराला त्याने ती मांडायला घेतली. मी आधी माणूस आत्ता, या घडीला, स्वतःशी काय बोलतोय ते ऐकते. आणि ते खोलीत नुसतं बोलून कळत नसेल तर ते घडवून आणते. म्हणून म्हटलं, पुढच्या वेळी लॅपटॉप घेऊन या.

त्याने एक सरावाचं पान उघडलं. पडद्यावर नावांची यादी दिसायला हवी होती, पान कोरं होतं. ब्राउझरमधल्या चुका दाखवणारं एफ-ट्वेल्व बटण दाबल्यावर खाली लाल ओळ आली, आणि त्याचा हात आपोआप लॅपटॉपच्या झाकणाकडे गेला.

"वाचा की."

"एरर आहे, मॅडम."

"ते दिसतंय. लिहिलंय काय?"

त्याला खरोखर पुढे वाकावं लागलं. "अनकॉट टाइप-एरर. कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड. रीडिंग नेम."

"आणि उजव्या टोकाला?"

"फाइलचं नाव. मग ४२." थोडं थांबून, "ओळीचा नंबर आहे तो."

मला कोडिंगमधलं ओ की ठो कळत नाही. पण इतके महिने हा माणूस रोज रात्री ती ओळ बघत होता आणि एकदाही शेवटपर्यंत वाचली नव्हती, एवढं मला कळलं. मी विषय बदलला.

"कंपनीत पार्ट रिजेक्ट झाला की काय करता?"

आवाजच बदलला त्याचा. "आधी गेज बघतो, कॅलिब्रेशनची तारीख उलटली नाही ना. मग दुसऱ्याकडून परत मोजून घेतो. मग मशिनवर जायचं. टूल झिजलंय का, ऑफसेट कुणी हलवला का, मटेरियलचा लॉट बदलला का..."

"आणि आपल्याला डोकं नाही, हे यात कुठल्या नंबरला तपासता?"

तो हसला. "मॅडम, रिजेक्शन आलंच नाही तर मला पगार कशाला देतील?"

बोलून गेला आणि गप्प झाला. मीही गप्प बसले. अशा वेळी समुपदेशकाने तोंड मिटून बसावं, हे मला वर्षानुवर्षांच्या सरावाने साधलं आहे आणि त्याचा मला थोडा अभिमान आहे. दिवसभर रिजेक्ट पार्टनी रेड बिन भरताना ज्याच्या कपाळावर आठी पडत नव्हती, तोच माणूस रात्री एका लाल ओळीने संपत होता. दिवसा रिजेक्ट व्हायचा तो पार्ट. रात्री तो स्वतःलाच रेड बिनमध्ये टाकत होता. कौशल्य त्याच्याकडे होतं, ते घरी आल्यावर वापरायचं सुचत नव्हतं. मग त्याने आपणहून ४२ वी ओळ काढली आणि मलाच समजावलं, "यादी अजून रिकामी आहे, आणि मी तिच्यातल्या पहिल्याचं नाव मागतोय. सर्व्हरकडून यायला वेळ लागतो ना."

गृहपाठ सोपा दिला. कंपनीतल्यासारखी एक वही: एरर काय, कुठे, कारण, काय केलं. आणि एक पान स्वतःच्या डोक्याने पुरं होईपर्यंत व्हिडिओ बंद. त्याने आपल्याच लाइनसाठी रिजेक्शन नोंदवायचं पान करायला घेतलं. टॅबवर ऑपरेटरच्या तेलकट बोटांना लहान बटणं लागेनात, म्हणून त्याने ती तळहाताएवढी केली. बटणांवर मराठी घातलं तर वरच्या वेलांट्या कापल्या जात होत्या, म्हणून लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, वाढवली. ही बुद्धी कुठल्याही व्हिडिओतून आली नव्हती.

आता ज्यांना हेच विचारायचं आहे त्यांच्यासाठी. आधी राजीनामा देऊ नका. नोकरीची हमी देणाऱ्या कोर्सला कर्ज काढून पैसे भरण्याआधी त्या हमीच्या अटी घरी बसून वाचा. फ्रीकोडकॅम्प आणि मोझिलाचं एमडीएन या शिकायच्या वेबसाइट फुकट आहेत, आणि सुरुवातीला त्याहून जास्त लागत नाही. रिअ‍ॅक्टकडे धावण्याआधी साधं जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाला हलतं-बोलतं करणारी मूळ भाषा, पक्कं करा. २००६ साली जेक्वेरी हे असंच एक साधन आलं, २०१३ साली रिअ‍ॅक्ट आलं, उद्या आणखी काही येईल. १९९५ चं जावास्क्रिप्ट या सगळ्यांच्या खाली आजही आहेच.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून पुढचा प्रश्न ठरलेला: मग हे शिकून उपयोग काय? साधं पान आता यंत्र मिनिटात लिहितं, आणि नवख्यांसाठी दार अरुंद झालंय. हे मी कुणापासून लपवत नाही. पण यंत्राने लिहिलेल्या कोडलाही लाल ओळ येते, ती वाचणारा लागतो, आणि तेलकट बोटाची अडचण त्याला कुणीतरी सांगावी लागते. नुसत्या पगाराच्या आकड्यावर भुलून यायचं असेल तर मात्र मी म्हणेन, थांबा.

पगाराचं तर नवरा-बायकोने कागद-पेन घेऊन एकत्र बसूनच बघावं. सुरुवातीला पगार कमी होतो, हप्ता होत नाही. या गृहस्थाच्या बायकोला मी बोलावून घेतलं, तेव्हा कळलं की तिचा विरोध नव्हताच. तिला फक्त कुणी विचारलं नव्हतं. तिने किती महिने ओढता येईल याचा हिशोब माझ्यासमोर पाच मिनिटांत मांडला.

दीडेक वर्षाने त्याला कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका लहान कंपनीत काम मिळालं, आधीपेक्षा कमी पगारावर. मुलाखतीत बराच वेळ त्या रिजेक्शनच्या पानाबद्दलच विचारत होते म्हणे. वडील अजून नाराज आहेत.

पतसंस्थेतल्या बाईंनी मात्र काही महिने नेटाने करून सोडून दिलं. त्यांना जमत होतं, दोन पानं छान केली होती. "पण मॅडम, दिवसभर माणसं लागतात मला समोर," म्हणाल्या. सध्या त्या कर्जवसुली बघतात आणि चुकांची तशीच वही तिथे वापरतात.