पहिली ओव्हर-द-बोर्ड (समोरासमोर, पटावरची) बुद्धिबळ स्पर्धा: हात आणि घड्याळ सांभाळा

तुमचा प्रश्न असा: आजवर बुद्धिबळ फक्त मोबाईलवर खेळलात, नागपुरातल्या रॅपिड (कमी वेळेच्या) स्पर्धेत नाव दिलंय, १५ मिनिटं अधिक दर चालीला १० सेकंद असा वेळ आहे, तर काय सांभाळायचं?

ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, जमेल तेवढं बघा. पण मोबाईल चुकीची चाल करूच देत नाही, पटावर ती राखण तुमची तुम्हालाच करावी लागते. नवख्यांचे डाव तिथेच जातात.

स्पर्श केलेला मोहरा खेळावाच लागतो. समोरच्याच्या मोहऱ्याला हात लागला आणि तो मारता येत असेल, तर मारावा लागतो. मोहरा नुसता नीट ठेवायचा असेल तर तुमची चाल असतानाच, हात लावण्याआधी ‘ॲडजस्ट’ म्हणा. विचार करताना हात मांडीवर ठेवायची सवय लावा. समोरच्याने एक मोहरा धरून सोडला आणि दुसराच खेळला, तर तुम्ही कुठल्याही मोहऱ्याला हात लावण्याआधी हरकत घ्या, नंतर ती चालत नाही.

कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं, एकाच हाताने करा. आधी राजा दोन घरं, मग हत्ती. आधी हत्ती धरलात तर त्या चालीला त्या बाजूचं कॅसलिंग गेलं, हत्तीच खेळा. घड्याळही ज्या हाताने चाल केली त्याच हाताने दाबायचं.

सगळ्यात जास्त घोळ प्याद्याच्या बढतीत होतो. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ते काढून तिथे वजीर ठेवा आणि मगच घड्याळ दाबा. जवळ वजीर नसेल तर घड्याळ थांबवून पंचांकडून मागून घ्या. वजीर म्हणून उलटा ठेवलेला हत्ती हा हत्तीच धरतात. प्यादं तसंच ठेवून घड्याळ दाबलं तर ती अवैध चाल.

पहिल्या अवैध चालीला समोरच्याला २ मिनिटं जादा मिळतात, दुसरीला साधारणपणे डाव जातो. शह लागलाय हे न बघता दुसरीच चाल करणं हाही याच गटातला प्रकार, आणि शह तोंडाने सांगायचं बंधन कुणावरच नाही. उलट बाजूने, समोरच्याची अवैध चाल दिसली तर स्वतः पुढची चाल करू नका. लगेच घड्याळ थांबवा, हात वर करून पंचांना बोलवा. रॅपिडमध्ये तुम्ही चाल करून बसलात की सहसा तक्रार उरत नाही. वाद समोरच्याशी घालू नका, तो पंचांशीच बोलायचा विषय आहे.

बरोबरी विचारायची असेल तर चाल करा, विचारा, मग घड्याळ दाबा. एकदा नाही म्हटल्यावर परत परत विचारणं म्हणजे त्रास देणं, आणि पंच त्यावर कारवाई करू शकतात.

फोन घरी ठेवलेला उत्तम. नाहीतर आयोजकांनी परवानगी दिली असेल तरच पूर्ण बंद करून बॅगेत. सायलेंट म्हणजे बंद नव्हे. वाजला तर डाव जाऊ शकतो.

स्पर्धा स्विस पद्धतीची असेल तर हरलात तरी बाहेर पडत नाही, सगळ्या फेऱ्या खेळायला मिळतात. प्रत्येक फेरीआधी पेअरिंगच्या (कोण कोणाशी खेळणार त्या) यादीत पटाचा नंबर आणि रंग बघूनच बसा. उन्हाळ्यात खेळणार असाल तर कूलरच्या घरघरीत पंचांची घोषणा ऐकू येत नाही, म्हणून फेरीची वेळ स्वतः लिहून ठेवा. पाण्याची बाटली आणि डबा सोबत हवाच, दुपारी नागपुरात उन्हातून बाहेर खायला जाणं म्हणजे पुढची फेरी डोकं तापलेल्या अवस्थेत खेळणं.

दिव्या देशमुख आणि रौनक साधवानी या ग्रँडमास्टरांचं हे गाव, तेव्हा समोर नऊ वर्षांचं पोर बसलं तरी पहिल्या चालीपासून पूर्ण वेळ वापरून खेळा.

स्पर्धेआधी निदान दहा डाव खऱ्या पटावर, खऱ्या घड्याळासोबत खेळा. मोबाईलवर पट वरून दिसतो. बसून तिरका बघताना लांबचा उंट नजरेतून सुटतो, हे तेव्हाच कळतं.

डाव संपला की हात मिळवा, निकाल नीट वाचून सही करा, कारण चुकीचा निकालही सहसा सहीने पक्का होतो. मोहरे परत लावून ठेवा. चालींची चर्चा करावीशी वाटली तर समोरच्याला घेऊन हॉलबाहेर जा, शेजारच्या पटावर अजून घड्याळ चालू असतं.