गर्भात मेंदू घडताना चेतापेशींना कुठं जायचं हे प्रथिनं कशी सांगतात?

चेतापेशी जन्मतात मेंदूच्या आत, पाण्याच्या पोकळ्यांलगत. राहायचं असतं बाहेर, कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या करड्या थरात. बहुतेक जणी रेडियल ग्लिया या आधार देणाऱ्या पेशींचे लांब तंतू धरून वर चढतात. पास्को राकिच यांनी १९७२ मध्ये माकडाच्या गर्भात हे दाखवलं. मागून निघालेली पेशी आधीच्यांना ओलांडून वरच्या थरात बसते. सर्वांत वरून रीलिन नावाचं प्रथिन स्रवत असतं. ते नसलं की थरांचा क्रमच बिघडतो. लटपटत चालणाऱ्या ज्या उंदरांचं वर्णन १९५१ मध्ये झालं होतं, त्यांच्यात या रीलिनचंच जनुक बिघडलेलं होतं, हे १९९५ मध्ये कळलं.

पण खूण मिळून भागत नाही, चालताही यावं लागतं. पेशी आधी पुढचं टोक लांबवते आणि मग विहिरीतून मोट ओढावी तसं केंद्रक मागून ओढून घेते. त्याला लिस-१ आणि डबलकॉर्टिन ही प्रथिनं लागतात. यातलं डबलकॉर्टिन मला पाठ आहे, कारण माझ्या मुलीत तेच बिघडलंय.

चौथीत असताना तिला शाळेत फिट आली. ठाण्यातच एमआरआय झाला. न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी फिल्म उजेडावर धरली आणि पेनाच्या टोकानं दाखवलं: वर नेहमीचा करडा काठ, खाली पांढरा भाग आणि त्याच्या आत पुन्हा एक करडा पट्टा. हा दुसरा पट्टा म्हणजे अर्ध्या वाटेत थांबलेल्या पेशी. डबलकॉर्टिनचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलींच्या प्रत्येक पेशीत दोनांपैकी एकच एक्स चालू राहतो. ज्यांच्यात चांगला चालू, त्या वर पोचल्या. बाकीच्या बऱ्याचशा मध्येच अडकल्या. मुलग्यांत एकच एक्स, तोच बिघडलेला असला तर त्यांचा मेंदू बहुधा गुळगुळीत राहतो, वळ्याच पडत नाहीत.

घरी आल्यावर नवऱ्याच्या आत्याबाईंनी निकाल दिला, "ग्रहणात भाजी चिरली होतीस." पुढं कित्येक वर्षं प्रत्येक हळदीकुंकवाला हे मी ऐकलं. नौपाड्यातल्या शिकल्यासवरल्या बायकाही माना डोलवायच्या. आत्याबाई, ते ग्रहण मला सातवा महिना असताना होतं. कॉर्टेक्सकडं जाणाऱ्या बहुतेक पेशींचा प्रवास तोवर आटोपलेला असतो, जोर असतो साधारण बाराव्या ते विसाव्या आठवड्यात. आणि हा बदल तर प्रवास सुरू व्हायच्या कितीतरी आधीचा, जनुकातला. आम्हा दोघांच्याही रक्ततपासणीत तो सापडला नाही. विळीचा याच्याशी काडीचा संबंध नाही. आजारी मुलीच्या आईला असं बोलणं हा निव्वळ दुष्टपणा आहे, मग बोलणारं माणूस कितीही वडीलधारं असो.

तुम्ही विद्यार्थी दिसता, तेव्हा हेही सांगते की प्रत्येक वेळी कारण जनुकच असतं असं नाही. गर्भारपणात सायटोमेगॅलोव्हायरसचा संसर्ग झाला, तरीही कॉर्टेक्सची घडण बिघडू शकते. सगळ्याच पेशी तंतू धरून सरळ वर जातात असंही नाही, काही आडव्या वाटेनं येतात; ते मी नीट लिहिलेलं नाही.

आणि वाचणाऱ्यांत कुणाच्या मुलीच्या रिपोर्टवर 'बँड हेटेरोटोपिया' (हाच तो दुसरा करडा पट्टा) असेल, तर जनुक तपासणी करून घ्या, आईचीही करा. काही घरांत हा बदल आईकडून आलेला असतो आणि पुढच्या बाळाचा विचार असेल तर ते आधी कळायला हवं. तपासणीचा कागद फाइलमध्ये सगळ्यांत वर लावा, घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवायला उपयोगी पडतो.