घरी शूट केलेलं गाणं एडिट करताना ओठ आणि आवाज जुळत नाहीत. सुरुवातीला जुळतं, शेवटी बिघडतं. ॲप बदलू का?

ॲप बदलून काही होणार नाही. व्हीएन घ्या, काइनमास्टर घ्या (फुकटात कोपऱ्यात त्यांचा शिक्का बसतो), लॅपटॉप दणकट असेल तर दाविंची रिझॉल्व्ह फुकट आहे. पण ‘सुरुवातीला जुळतं, शेवटी बिघडतं’ असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून राहवेना. याच पायी मी दोन वर्षं घरच्यांची बोलणी खाल्लीत.

आमच्या चुलत दादाने कोळीगीत रेकॉर्ड केलं. शूटिंग हर्णै बंदरावर, संध्याकाळी मासळीचा लिलाव चालू असताना, मागे सुवर्णदुर्ग. ॲक्टिव्हाच्या सीटवर स्पीकर ठेवून गाणं लावलेलं. कॅमेरामन मी, एडिटर मी, मध्ये येणारी पोरं हाकलणारा पण मीच. चार मिनिटांचा सलग टेक घेतला. घरी येऊन टाळीवर टाळी बसवली, मुखडा चपखल बसला. दुसऱ्या अंतऱ्यापासून मात्र दादाचं तोंड गाण्याच्या पुढे पळायला लागलं. शेवटी तर गाणं चालू आणि दादा तोंड मिटून उभा! फॅमिली ग्रुपवर निकाल लागला, ‘याला नीट जुळवताच आलं नाही.’

चूक माझी नव्हती, फोनची होती. फोन सेकंदाला मोजून ३० फ्रेम (म्हणजे सुटी चित्रं) घेतोच असं नाही. उजेड कमी झाला की बरेच फोन आपणहून फ्रेम कमी करतात, आणि आमचा सूर्य तर टेक चालू असतानाच बुडत होता. एडिटिंगवाल्या ॲपने सगळीकडे ३० धरले की चित्र आधी संपतं. त्यामुळे फाईल आधी हँडब्रेकमध्ये (कॉम्प्युटरवरचं फुकट सॉफ्टवेअर) टाका, फ्रेमरेट ‘कॉन्स्टंट’, म्हणजे सगळीकडे सारखा करा, मगच टाइमलाइनवर घ्या. नाहीतर टेक कापून प्रत्येक अंतरा वेगळा जुळवत बसा, मी तेच केलं, तीन रात्री गेल्या. आणि मित्राकडून क्लिप मागवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच मागवा, नुसता व्हिडिओ पाठवला की पार पिचतो.

आता कटबद्दल. तुम्ही विचारलं नाहीये, तरी सांगतो. दादाला दर मात्रेवर कट हवा होता. आमचं गाणं सहा मात्रांचं, दोन सेकंदांत एक आवर्तन. चार मिनिटांत किती झाले? ७२० कट! बघणाऱ्याला उचक्या लागतील. कट समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर घ्या, तोही दर समेवर नको. आणि गाणाऱ्याला एडिटला शेजारी बसवू नका. त्याला स्वतःचं तोंड सोडून काही दिसत नाही.

माझ्याकडे एक शॉट होता. लिलावातून उठलेली काकू, डोक्यावर पाटी, गाण्याची ओळ पुटपुटत चाललेली. कॅमेरा दिसला तशी शब्द चुकली आणि पदराआड हसली. आठ सेकंद. दादा म्हणाला, ‘तिचे ओठ जुळत नाहीत, काढ.’ ज्याचे स्वतःचे ओठ जुळत नव्हते तो हे म्हणाला! मी काढला, तो मोठा म्हणून. आजही म्हणतो, अख्ख्या व्हिडिओत तेवढंच बघण्यासारखं होतं.

हां, डीजेवर वाजणारं गाणं असेल तर भराभर कट शोभतात, तिथे माझं ऐकू नका. आणि फोन नवा असेल तर ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप फुकट मिळतं, त्यात फ्रेमरेट आधीच ठरवता येतो. आम्ही शूट केलं तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं.

काकूचा शॉट अजून हार्डडिस्कवर आहे. दादाने दुसरं गाणं केलंय, एडिट करशील का म्हणून परवा फोन आला होता. म्हटलं करतो, पण आधी जुन्यात काकू परत घालणार.