नऊ रकान्यांत तुमचे चित्र कुठे आहे?

प्रश्न : ताई, माझे वय ३४ असून मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. पुण्यातील एका कंपनीसाठी मी घरूनच खोक्यांची आणि पाकिटांची डिझाइन्स करते. पती सकाळी आठला अंबडला कामावर जातात, त्याच सुमारास दुसरीतला मुलगा शाळेत जातो आणि सासूबाई आमच्याबरोबरच असतात. “घरीच तर असतेस” असे म्हणत दिवसभर कोणी ना कोणी हाक मारते, कंपनीचे फोन रात्री नऊपर्यंत चालतात आणि लहान मुलांसाठी चित्रे काढण्याची जी हौस होती, तिच्यासाठी दीड वर्षात ब्रश हातात घेतलेला नाही. पहाटे पाचपासूनचे नऊ रकान्यांचे वेळापत्रक फ्रिजवर लावले, ते चार दिवसांत मोडले. मला शिस्त जमतच नाही का?

उत्तर : शिस्त तुम्हाला जमते, एरवी डबा, कंपनीच्या तारखा आणि दारावरची बेल हे सारे तुम्ही दीड वर्ष निभावले नसते. मोडले ते वेळापत्रक, आणि ते मोडणारच होते, कारण तुम्ही पाठवलेल्या प्रतीत चित्रकलेला जागा मिळाली आहे ती रात्री साडेदहाच्या, म्हणजे अगदी शेवटच्या रकान्यात. दिवसभर स्क्रीनकडे पाहून शिणलेल्या डोळ्यांनी आणि रात्री नऊपर्यंत साहेबांचे फोन घेतलेल्या मनाने काही नवे सुचावे, ही अपेक्षाच जास्तीची आहे.

नऊ रकाने सोडून द्या आणि एकच तास पक्का करा : पती आणि मुलगा बाहेर पडल्यावर सव्वाआठ ते सव्वानऊ. या तासात लॅपटॉप बंद आणि फोन दुसऱ्या खोलीत असावा. भांडी आणि कपडे एक तास थांबू शकतात. काही दिवस नुसत्या रेघोट्या होतील, त्या होऊ द्या. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये भांडवल उभे करण्यासाठी ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला, तेव्हा कुंडीत वाटाणा लावून महिनाभर त्याचे थोडे थोडे चित्रण केले होते. अंकुर एका दिवसात किती वाढला, हे त्या दिवशी पाहून कोणाला कळले असते? पुढच्याच वर्षीच्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी साऱ्या मंडळींच्या स्वयंपाकापासून फिल्मला छिद्रे पाडण्यापर्यंत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई राबल्या, हेही इथे सांगायला हवे. पुरुषाने घरात काम मांडले की घर त्याच्याभोवती वळते आणि बाईने मांडले की तिनेच घराभोवती वळत राहावे, असे आपण अजून धरून चालतो.

म्हणूनच सासूबाईंशी वाद नको, पण मोघम विनंतीही नको. “आई, सव्वानऊपर्यंत मला हाक मारू नका, त्यानंतर आपण दोघी चहा घेऊ,” असे घड्याळ दाखवून सांगा आणि तो चहा एकही दिवस चुकवू नका. कुरिअर आले किंवा पाण्याचा जार आला, तर तेवढ्या वेळापुरते दार त्या उघडतील. खोलीचे दार लावून घेतले की “बरं वाटत नाही का?” असे विचारणारे घराघरांत असतात, त्यामुळे दार का लावणार आहात तेही आधीच सांगून ठेवा. हे बोलणे पतींसमोर व्हावे. नाहीतर तो केवळ सासू-सुनेचा विषय ठरतो.

रात्रीचे फोन ही शिस्तीची बाब नाही, कंपनीशी कधी न झालेल्या बोलण्याची आहे. साडेनऊ ते साडेसहा उपलब्ध असेन आणि त्यानंतर फक्त छपाईला जाणाऱ्या कामातील दुरुस्त्या पाहीन, असे ईमेलवर लेखी कळवा. थोडी कुरकुर होईल. ऑफिसला जाणाऱ्या माणसाला परतीचा प्रवास काम संपल्याची खूण देतो, ती खूण तुम्हाला स्वतः तयार करावी लागेल : साडेसहाला लॅपटॉप कपाटात ठेवा आणि मुलाला घेऊन अर्धा तास इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जा. संध्याकाळी पाचची कॉफी मात्र बंद करा, कारण कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायलाच साधारण पाच तास लागतात आणि ती कॉफी रात्री दहालाही तुम्हाला जागे ठेवत असणार.

जेवणानंतरच्या सुस्तीच्या वेळेत बिले, फाइली पाठवणे, मापे तपासणे अशी डोके न लागणारी कामे टाका. दर २० मिनिटांनी सुमारे २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहण्याचा नेत्रतज्ज्ञांचा साधा नियमही पाळा.

मे महिन्यात मुलाला सुटी लागली की सकाळचा हा तास डळमळेल. तेव्हा तो रात्रीवर ढकलू नका. त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मुलाला कागद आणि रंग द्या, आणि तास संपला की तुमच्या चित्रातले त्याला काय कळले नाही, ते विचारा.