बहुपदीची ‘कोटी’ लिहावी, ‘घात’ की ‘डिग्री’?

प्रश्न लातूरच्या एका गणिताच्या प्राध्यापिकेचा आहे. विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन त्या बहुपदींसाठी, म्हणजे क्ष³ − ७क्ष + ६ सारख्या राशींसाठी, एक संगणकीय साधन तयार करत आहेत. बहुपदीची किंमत काढायची, भागाकार करायचा, मुळे शोधायची, एवढंच त्याचं काम. मात्र ते माणूस नव्हे, एआय एजंट, म्हणजे अशी साधनं स्वतः वापरणारा संगणकीय मदतनीस, चालवणार. विद्यार्थी मराठीत गणित विचारेल, एजंट साधनाचं वर्णन वाचेल आणि त्याबरहुकूम आकडे भरेल. त्या वर्णनात ‘कोटी’ लिहावं, ‘घात’ लिहावं, की सरळ ‘डिग्री’, असं त्यांनी विचारलं आहे.

माझं उत्तर: बहुपदीला कोटी, एकेका पदाला घातांक. क्ष³ − ७क्ष + ६ या बहुपदीत पदांचे घातांक ३, १ आणि ०. त्यांतला सर्वांत मोठा ३, म्हणून बहुपदीची कोटी ३. नववीच्या पुस्तकात हाच शब्द आहे, म्हणजे विचारणाऱ्या मुलांच्या तोंडीही तोच येणार. ‘डिग्री’ कळते सगळ्यांना, पण आपल्याकडे ‘पोरगं डिग्रीला आहे’ म्हणजे पदवीला आहे. शिवाय ताप आणि कोनही डिग्रीतच मोजतात.

कोटीतही गुंता आहे, तो मात्र सोडवता येतो. संस्कृतात कोटि म्हणजे टोक, विशेषतः धनुष्याचं. मराठीत दर्जा या अर्थानं ‘उच्च कोटीचा’ म्हणतो, शब्दांवर कोटी करतो, आणि सर्वांत रुळलेला अर्थ शंभर लाखांचा. नरसीच्या नामदेवांनी शतकोटी अभंगांचा पण केला असं परंपरा सांगते, तेव्हा तिथे संख्याच असते. म्हणून ‘तीन कोटीची बहुपदी’ असं कधी लिहू नये. ‘तीन कोटीची जागा’ या वाक्याची घडण नेमकी अशीच आहे आणि वाचणारा किंमत समजेल. ‘बहुपदीची कोटी ३’ लिहिलं की घोटाळा उरत नाही, कारण संख्या शब्दाच्या मागे गेली. शब्द तोच, क्रम बदलला की अर्थ पक्का होतो.

‘मुळे’चंही तसंच. शुद्धलेखनात ‘बहुपदीमुळे’ आणि ‘बहुपदीची मुळे’ वेगळे आहेत, पण मोबाइलवर लिहिताना ‘त्या मुळे’ असं तोडून लिहिणारे कमी नाहीत. वर्णनात ‘बहुपदी शून्य करणाऱ्या क्षच्या किमती, म्हणजे मुळे’ असं एकदा सांगून टाकावं.

माणसाला शंका आली तर तो शेजाऱ्याला विचारतो, पुस्तक चाळतो. एजंटापुढे बहुतेक वेळा साधनाचं नाव, वर्णन आणि भरायच्या रकान्यांची माहिती एवढंच असतं. म्हणून एका जागी कोटी, दुसऱ्या जागी घात, तिसरीकडे डिग्री, असा लेखनात शोभणारा शब्दपालट इथे टाळाच. निबंधात तो गुण असेल. इथे तीन शब्द म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी असा समज होऊ शकतो.

शब्दापेक्षाही मला काळजी सहगुणकांच्या, म्हणजे प्रत्येक पदातल्या क्षच्या घाताला गुणणाऱ्या संख्यांच्या, क्रमाची वाटते. पाठ्यपुस्तकातलं सहगुणक रूप मोठ्या घातांकापासून सुरू होतं: (१, ०, −७, ६). मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्येही तसंच. पायथन या संगणकीय भाषेत आकडेमोडीसाठी वापरतात त्या नमपायच्या जुन्या फलनांतही तसंच, पण त्याच्याच नव्या पॉलिनॉमियल विभागात उलट, स्थिर पद आधी. आता क्ष³ − ७क्ष + ६ ची मुळे १, २ आणि −३. क्रम उलटा पडला तर साधन ६क्ष³ − ७क्ष² + १ सोडवेल आणि १, १/२, −१/३ देईल. मधलं शून्य गाळलं तर क्ष² − ७क्ष + ६ होऊन मुळे १ आणि ६ येतील. तिन्ही उत्तरांत १ आहेच! एखादं मूळ ताडून पाहणारा फसेल. म्हणून ‘सहगुणक मोठ्या घातांकाकडून लहानाकडे, नसलेल्या पदासाठी ० लिहा’ हे वाक्य आणि वरचं उदाहरण वर्णनात हवंच.

शून्य बहुपदीची, म्हणजे सगळे सहगुणक ० असलेल्या बहुपदीची, कोटीही स्पष्ट लिहा. पाठ्यपुस्तक ती ठरवता येत नाही असं म्हणतं. गणिती सॉफ्टवेअरांपैकी सिमपाय उणे अनंत देतो, सेज −१, नमपायचा पॉलिनॉमियल विभाग ०. गणिताच्या दृष्टीनं मला उणे अनंत आवडतं, कारण शून्येतर बहुपदींच्या गुणाकारात कोट्यांची बेरीज होते हा नियम मग शून्य बहुपदीलाही लागू पडतो. तुम्ही काहीही निवडा, पण वर्णनात कोटीच्या रकान्यात ‘शून्य बहुपदीसाठी कोटी अमुक मिळेल’ असं मराठीत, एका ओळीत, मुलांच्याच पुस्तकी शब्दांत लिहा.